चौथं बटण

प्रिय सिद्धेश,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. निघोज्याच्या कारखान्यात पाइप तपासणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर पाच बटणं एकाखाली एक होती: छपाई, दाब भरा, पकड उघडा, शून्य करा, पकड बंद.
२. प्रिंटर बंद असला की छपाईचं बटण लपतं. खालची बटणं हलू नयेत म्हणून मी त्याची जागा रिकामी राखली होती.
३. २८ जानेवारीला तू ती राखीव जागा काढलीस.
४. ३ फेब्रुवारीला प्रिंटर बंद पडला. खालची चारही बटणं एकेक घर वर सरकली.
५. सकाळी सव्वादहाला ऑपरेटर चिमाजी ओव्हाळ यांनी डाव्या हाताने पाइप धरून वरून चौथं बटण दाबलं. शून्य व्हायच्या ऐवजी पकड बंद झाली. दोन बोटं गेली.

पकडीपुढची जाळी महिनाभर दुरुस्तीला गेली होती. त्याचं उत्तर कारखाना देईल. मी आपल्या वाट्याचं लिहितेय.

उभ्या रचनेत एक घटक लपला की खालचे वर सरकून जागा भरतात, हे तुला शिकवायला नको. पण ती मोकळी पट्टी तुला खटकायची. ‘पडलेल्या दातासारखी दिसते गं,’ म्हणायचास. मी सांगितलं होतं, ऑपरेटर वाचत नाहीत. मला तरी कुठून कळलं? पपांकडून, कुरुळीत आमच्या घरी, तुझ्यासमोर. ‘वाचत बसलो तर पाळीला सहाशे पाइप व्हत्याल का? बोट आपोआप जातं चौथ्यावर.’ तू हसलास. ‘काका, तुम्ही तर पेटीच वाजवताय!’ पपांना ते इतकं आवडलं की आठवडाभर ते कारखान्यात सगळ्यांना सांगत होते.

दवाखान्यात तू सफरचंदं घेऊन आलास. उशाशी बसून म्हणालास, ‘काका, बटणावर लिहिलेलं असतं ना.’ ते म्हणाले, ‘व्हय साहेब, चुकलंच माझं.’ तू मान डोलावलीस. मी तुझीच सफरचंदं कापत होते. त्या संध्याकाळी तुझा अहवाल कारखान्याला गेला. त्यात काका नाहीत. ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आहे, आणि २८ जानेवारी कुठेच नाही.

आता माझं. तुझा बदल मीच तपासून मंजूर केला होता. प्रिंटर बंद ठेवून एकदा चालवून पाहायला चार मिनिटं लागली असती. तू खाली गाडी सुरू करून उभा होतास, आपल्याला माणला फ्लॅट बघायला जायचं होतं. मी न चालवता मंजूर केलं. तो फ्लॅट मला आवडलाही होता. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती.

चौकशी सोमवारी आहे. काल पपांनी त्यांचा जबाब मला शुद्धलेखन तपासायला दिला: ‘मी न वाचता बटण दाबले. यंत्रात दोष नव्हता.’ यावर सही केली की नोकरी जाणार, हे त्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, बटणं सरकली होती हे तुम्हाला माहीत नाही का? ते म्हणाले, ‘माहीत हाय. हात अडकला तवाच बघितलं. पर स्क्रीन तू बनवलीस न्हवं? तुझं नाव मी कशाला घेऊ?’ तुझं नाव त्यांच्या मनातही आलेलं नाही.

मी त्यांना सही करू देणार नाही. सोमवारी दहा वाजता बदलांची नोंद समितीला देईन. त्यात तुझं नाव आहे, माझंही आहे. नोकरी दोघांचीही जाईल, असं धरून चाल. त्याआधी तू स्वतः लिहून दिलंस, तर निदान पपांना कळेल की साहेबाने मान उगाच डोलावली होती. माझ्यासाठी लिहू नकोस. आपल्यात आता तसं काही उरलेलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर दे.

आम्रपाली चिमाजी ओव्हाळ