दुसऱ्या पदवीचा फ्लेक्स

१० जून, मंगळवार
रेश्माचं नाव लागलं. शिल्पकलेच्या पदवीला, पुण्यात. नाव नातीचं, पण सकाळपासून पाय माझे घरात ठरेनात. इंजिनिअर झाली ती सरकारी शिष्यवृत्तीवर. आता महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला, कंत्राटावर. घरी आली की शकीलभाईच्या गॅरेजातून गाडीचे पोचे भरायची लांबी आणते नि त्या लांबीतून माणसांचे चेहरे करत बसते. माझाही केलाय. नाक जरा जास्तच खरं आलंय.
सुधीर, म्हणजे तिचा बाप, माझा लेक, नीट जेवला नाही. फीचं काय, एवढंच म्हणाला.

१२ जून
शिष्यवृत्तीच्या ऑफिसात गेलो दोघी. साहेब भले. पण नियम असा, की एका पदवीला सरकारनं मदत केली की त्याच पातळीच्या दुसरीला नाही.
म्हटलं, "साहेब, पहिल्या पदवीच्या वेळी मार्क बघून ढकललं तिला सगळ्यांनी. पोरीला विचारलं कुणी?"
हसले. "आजी, नियमात तो रकाना नाही." मग अर्ज ठेवून घेतला, खास बाब म्हणून वर पाठवतो म्हणाले. वर चहा पाजला.
सरकारी माणूस चहा पाजतो म्हणजे काम झालंच की.

१५ जून, रवि.
गिरणीत दळण टाकताना बोलून गेले, झालं रेश्माचं काम. मंडळाचा संतोष तिथंच. निवडणुकीला उभं राहायचंय त्याला. तिचा फोटो मागितला. दिला. हुरूप आला होता, दुसरं काय.

१८ जून
चौकात फ्लेक्स. 'सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याबद्दल शिल्पकलेची विद्यार्थिनी कु. रेश्मा हिचे हार्दिक अभिनंदन.' तिचा फोटो पेरूएवढा, संतोषचा गॉगलसकट कलिंगडाएवढा.
आणि कंपनीची बस थांबते ती बरोब्बर त्याच्याखाली.

१९ जून
व्हायचं तेच. सुपरवायझरनं विचारलं तिला, चाललीस म्हणे? कंत्राट महिनाअखेर संपतंय, तुझ्या जागी दुसरं नाव देऊ का? सत्तावीसपर्यंत सांग म्हणाला. कॉलेजची फी भरायचीही तीच शेवटची तारीख.
सुधीर म्हणाला, "बाजारात तुरी, आई. अन् तू फ्लेक्सला फोटो दिलास."
रे. डबा धुऊन लांबीचा चेहरा करत बसली. बोलली असती तर बरं होतं.
संतोषकडे गेले, उतरव बाबा म्हटलं. तर म्हणतो, "मंजूर होणारच ओ आजी. आता उतरवला तर अपशकुन."

२४ जून
ऑफिसात फोन. फाईल वर आहे. काल पण वरच होती. वर म्हणजे नक्की कुठं, ते कुणी सांगेना. भांडी घासली, पुन्हा घासली.
संध्याकाळी रे.ला म्हटलं, मी येते कंपनीत, सांगते साहेबाला, जीभ माझी घसरली. तिनं हात धरला. बोटांना त्या लांबीचा वास.
"नको आजी. खोटा आहे तो फ्लेक्स, माहितीय मला. पण बस येईपर्यंत रोज वाचते. माझ्या नावाला शिल्पकला चिकटलेली आधी कुठं होती?"
मळलेली कणीक पुन्हा मळत बसले.

२७ जून, शुक्र.
ऑफिसचं उत्तर नाही.
सकाळी सुधीरच म्हणाला, पहिल्या वर्षाचं कसंबसं ओढू. पुढचं मात्र... आणि बूट शोधत बसला, बूट समोर. रे. कंपनीचा गणवेश घालून, डबा घेऊन निघाली. काय ठरवलंस, तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.
दहाच्या सुमारास शकीलभाई दारात. "मावशी, पोरगी आज बसमध्ये चढलीच नाही. बस गेली, अन् ही रस्ता ओलांडून पुण्याकडच्या स्टॉपवर."
पुण्याला शिष्यवृत्तीचं ऑफिस आहे, कॉलेजही आहे. की नुसतीच गेली कुठं बसायला? फोन घेतला, नंबर काढला, ठेवून दिला. आज तरी तिचं तिला ठरवू दे.
पण अंगावर कंपनीचाच गणवेश आहे पोरीच्या.