नातेवाईकांचा नियम

३ मार्च
आजपासून कस्टम्समध्ये नवं युग. कुठला ट्रक सोडायचा, कुठला तपासायचा, हे कॉम्प्युटर ठरवणार. वशिला बंद, चिरीमिरी बंद. जुने शिक्के फोटोग्राफरसमोर हातोड्याने फोडले. शिपाई हळहळला. युद्धात देशाला माझ्यासारखेच अधिकारी लागतात.

५ मार्च
सिस्टिममध्ये माझा खास नियम घातला: अधिकाऱ्याच्या नातेवाईकाच्या नावाने आलेला माल आपोआप लाल. म्हणजे राजधानीतून तपासनीस येईपर्यंत ट्रक हलणार नाही. लाल काढायची सोय मलाही ठेवली नाही. यादीत पहिलं नाव मेहुण्याचं. बायकोला अभिमानाने सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

९ मार्च, दुपार
हॉस्पिटलचे डायलिसिसचे फिल्टर आले. मेहुणा तिथला मुख्य डॉक्टर, माल त्याच्याच नावावर. लाल! नियम चोख चालतोय. मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, भाऊजी, शिल्लक फिल्टर शुक्रवारपर्यंत पुरतील, पुढे बाबांना मशीनवर कसं घेऊ? बाबा म्हणजे माझे सासरे. म्हटलं, निर्धास्त राहा. सिस्टिम आहे.

११ मार्च
राजधानीकडचा पूल बॉम्बने उडाला. तपासनीस पलीकडे. तात्पुरती अडचण. त्याला मेल करायला बसलो. नेट नाही.

१२ मार्च
ट्रकभोवती फेऱ्या. शिपाई म्हणाला, साहेब, सील तोडू का? त्याला कायदा सुनावला. सायरन झाला. तळघरात बायको माझ्याकडे पाठ करून बसली. फार भीती वाटली. बॉम्बची नव्हे.

१४ मार्च, शनिवार
ठरलं. कायदा गेला खड्ड्यात, सील मीच तोडणार. पक्कड घेऊन गेलो. लाल ट्रकांवर लष्कराचा पहारा, तोही मीच मागितलेला. जवानाने यादी पाहिली आणि बंदूक रोखली. म्हणाला, तुम्ही नातेवाईक, मागे व्हा. शिस्त वाखाणण्यासारखी. घरी येऊन रडलो.

१५ मार्च
हॉस्पिटलच्या पायऱ्या मोजत चढलो. वर सासरे मशीनवर, चेहऱ्यावर चक्क तरतरी! उशाशी फिल्टरचं खोकं, त्यावर आमचं सील नाही. मेहुण्याने नजर टाळली. शेवटी बायकोच मला दाराशी ओढून म्हणाली, काल चोरटा माल आणणाऱ्यांच्या होडीतून मागवले. सगळ्यांना बजावलं होतं, साहेबांना कळू द्यायचं नाही. मी विचारलं, कोणते साहेब? मेहुण्याने खोकं पलंगाखाली सरकवलं.
सासऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाले, जावईबापू, तुमच्यामुळे वाचलो.
मी म्हणालो, अहो, कर्तव्यच होतं ते.