बुरशीला माझ्यात काय दिसलं

ती. दादास, धाकट्याचा पलंगावरूनच नमस्कार (वाकायला डॉक्टरांची मनाई आहे). वहिनीचे गुडघे काय म्हणतात? मी तसा ठणठणीत आहे. फक्त मेंदूच्या आवरणाला बुरशी लागली आहे. हो, ओल्या चपलेला लागते तसलीच.

मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ मी दुरुस्तीला घेतलं होतं ना, त्यात कबुतरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटला होता. चाकांच्या दातांत वाळलेली विष्ठा. आपण पडलो घड्याळजी, धूळ दिसली की तोंडाचा चंबू होतोच. मनगटी घड्याळाला मारतो तशी त्या धुडाला फुंकर मारत बसलो, आणि प्रत्येक फुंकरीनंतर माणूस श्वास आत घेतो, एवढं साधं विसरलो. पुढे डोकं ठणकायला लागलं. मी चष्मा बदलला, मग उशी बदलली, मग शेजाऱ्याच्या रेडिओवर संशय घेऊन त्याच्याशी भांडलो. शेवटी गिऱ्हाइकाच्या घड्याळात मला दोन मिनिटकाटे दिसले आणि त्यातला जादा काटा मी उपटायला निघालो, तेव्हा बायकोने धरून इथे आणलं.

डॉक्टरीणबाईंनी मणक्यातलं पाणी काढलं, त्यात कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी बुरशी सापडली, आणि मग सगळे माझ्यातली खोट शोधायला लागले. साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली, एड्सही तपासला (तो निकाल बायकोने उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचला). काहीच निघेना. त्यांचे चेहरे पडत, माझी छाती फुगे. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, क्वचित धडधाकट माणसालाही होते. आणि धडधाकट माणूस दुखणं अंगावर काढतो, तेच नडतं." यातलं पहिलं वाक्य मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं आहे.

आता शिरेतून औषध चालू आहे. त्याने हुडहुडी भरते, ती ओसरली की मी येरझाऱ्या घालतो. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय. स्टुलावर चढलो तर नर्सने माझ्या चपलाच जप्त केल्या. सोमवारपर्यंत डोकं दुखलं नाही तर घरी सोडणार आहेत. बाई रोज विचारतात, मी रोज "छान" म्हणतो. तेव्हा तू दुकान बंद करून धावत येऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. आलासच तर बारीक पेचकस आण.

ता. क. पेचकस राहू दे. डोकं परवापासून पुन्हा दुखतंय, मान वाकत नाही, आणि मला भीती वाटतेय. बाईंसमोर तोंड उघडलं की "छान" हाच शब्द बाहेर पडतो. बायकोला काय सांगू, तिने माझ्यासाठी खोली धुऊन ठेवली आहे. समोरच्या खाटेवरचा ट्रकवाला आज घरी निघालाय, तुझ्या दुकानावरूनच जाणार, म्हणून पत्र त्याच्या हाती देतोय. तू आजच ये, आणि माझ्यादेखत बाईंना सगळं सांग. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.