आमची नळी आणि त्यांची रोपं

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर साथ देते तिथवर वाकलोय, बाकीचा मनाने). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला अजून शेजाऱ्यांना उठवतो का? इकडे सगळे ठीक, म्हणजे थकलेले.

हा थकवा तुझ्या भाचीने आणला. शाळा संपल्यापासून तिला मातीचं शास्त्र शिकायचंय. म्हटलं, बाई गं, घरची रोपवाटिका आहे, माती रोज नखांत असते, आणखी शिकायचं काय? शिवाय घरात येईल तो सल्लागार. विमावाला म्हणतो, शेतकीची पदवी घ्या आणि बँकेत चिकटवा. दाढी करणारा न्हावी म्हणतो, वनखात्यात घाला, झाडं उलट बोलत नाहीत (गळ्याशी वस्तरा असल्यामुळे मीही बोललो नाही). तिची आई म्हणते, "बापासारखी माती खाण्यापेक्षा शिकून काय ते खाऊ दे." झालं!

प्रवेशाच्या मुलाखतीला मीच घेऊन गेलो. ती आत, मी व्हरांड्यात. माझे कान तुला ठाऊक आहेत, आणि खिडकी उघडी. पण समोर हिरव्या जाळीखाली रोपांच्या ओळी, आणि ताई, काय त्यांची दशा! माना टाकलेल्या, पानं कडेने वळलेली. एवढे विद्वान जमलेत आणि साधं पाणी घालायला कुणाला सवड नाही! शेजारीच नळी पडली होती. जन्म रोपांत गेलेल्या माणसाचा हात आवरत नाही गं. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत चिंब केली, वर पाटीवरची धूळही धुऊन काढली. मग पाटी वाचता आली. रोपं मुद्दाम तहानेवर ठेवली होती. कमी पाण्यात कोण तगतं ते बघायला.

तेवढ्यात तिथला मदतनीस बोंबलत मुलाखतीच्या खोलीत शिरला. प्रयोग नेमका मुलाखत घेणाऱ्या सरांचाच.

"कोणी घातलं पाणी?"

मी खांबाआड, नळीसकट. मनात म्हणत होतो, पोरी, गप्प बस, आज मला ओळखूच नकोस.

"माझे बाबा, सर," आमची कन्या. "ते असंच करतात. सुकलेलं दिसलं की ओत पाणी. आमची निम्मी रोपं तहानेने नाही, त्यांच्या मायेने मरतात. किती घालायचं विचारलं तर म्हणतात, मनाला येईल तेवढं. म्हणून तर मला शिकायचंय."

सर हसले की रडले, ते या कानांनाही कळलं नाही. बाहेर आले, माझ्या हातातून नळी काढून घेतली, नळ बंद केला आणि म्हणाले, "तुम्ही आता घरी जा. ही राहू दे आमच्याकडे." मला आधी वाटलं, ओलीस ठेवतात की काय! पण तो प्रवेश होता. प्रयोग पहिल्यापासून मांडायचाय, त्यात हिलाही घेतलंय.

सुटलो एकदाचा. आता घर शांत राहील, आणि माझ्या कामात चुका काढायला कोणी उरणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वसतिगृह भरलंय. कॉलेज तुझ्या घरापासून बसने दोन थांबे. मागची खोली तिला देशील का? मी सांगितलं म्हणू नकोस. आत्यानेच हौसेने बोलावलं असं वाटू दे.

आणखी एक ता. क. खोलीची अडचण असेल तर बिनदिक्कत नाही म्हण. मला राग येणार नाही. लांब पडतं खरं, पण रोज सकाळी पोचवायला आणि संध्याकाळी आणायला मी आहेच. होकार असेल तर सावकाश कळव. नकार असला तर मात्र उलट टपाली.