ओढा हलला, दगड हरवला

लिटल ॲशकम,
मंगळवार

प्रिय विनी,

तुझ्या थोरल्या भावाचा, अंब्रोजचा, आशीर्वाद. गुडघा जिना चढू देतो का? मेहुण्यांचा खोकला काय म्हणतो? पोपट अजून शिव्या देतो ना? (देत असेल तर त्याची तब्येत ठणठणीत समजायची.) माझी कंबर जागेवर आहे, गाव जागेवर राहील की नाही, याची धास्ती आहे.

आपल्या गावाचा भूगोल म्हणजे एक टेकडी, एक चर्च आणि एक ओढा, आणि इतिहास म्हणजे त्या ओढ्यावरून पलीकडच्या ग्रेट ॲशकमशी झालेली भांडणं. नकाशात हद्द ओढ्याच्या मधोमध. पण या हिवाळ्यात पूर आला आणि ओढा वळकटी उचलून कुरणाच्या अलीकडे येऊन पडला! पलीकडचा ट्रँटर लगेच म्हणाला, कुरण आता आमचं, कुंपण घालतो. अगं, तिथं विधवा हेस्टरच्या गायी चरतात. त्या बाईला दुसरा आधार काय? जुनी हद्द सांगायला उरला फक्त कुरणाच्या पलीकडच्या कडेचा हद्दीचा दगड, आणि तोही गाळाखाली गडप.

म्हणून परवाच्या हद्दफेरीला (आपली नेहमीचीच, पुढे पाद्रीबाबा, मागे बनपावांची टोपली) सगळा गाव लोटला. पलीकडून ट्रँटर आला, सोबत दावणीचा वळू. “जरा पाय मोकळे करायला आणलाय,” म्हणाला. वळू माझ्याकडेच बघत होता.

“काय आजोबा, दगड दाखवताय, की याला सोडू?”

हेस्टरनं माझी बाही धरली. “अंब्रोजदादा, नक्की ठाऊक आहे ना हो?”

मी छातीठोकपणे झुडपात काठी रोवली. पोरांनी खणलं. ठण्ण! सगळे पुढे वाकले. निघाली लोखंडी खाट. (ओढ्यात कुणी टाकलेली, ते सगळ्यांनी ओळखलं आणि कुणीच बोललं नाही.) हातभर सरकून पुन्हा खणलं, तर नुसतं पाणी. वळू फुरफुरला.

“म्हातारबा, आता गादी निघणार का?”

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, “ट्रँटर, त्या दगडावर लहानपणी डोकं आपटलेलं माणूस अजून जिवंत आहे! असलं डोकं जागा विसरत नसतं!”

हद्द ध्यानात राहावी म्हणून हद्दफेरीत एखाद्या पोराचं डोकं दगडावर आपटायची रीत, आणि अशा डोक्याचा मान दोन्ही गावांत आहे. ट्रँटरचंही त्यांच्या वेशीवर आपटलेलं. त्यानं टोपी काढली. “बरं. रविवारपर्यंत थांबतो. मग खांब रोवणार.”

हेस्टरनं आवळ्यासारख्या त्या आंबट गूजबेरी पिठाच्या पारीत भरून, भाजून आणल्या. घास उतरेना. (तरी दोन तुकडे खाल्ले. तिला वाईट वाटलं असतं.)

तुझा,
अंब्रोज

ता. क. ते डोकं तुझं आहे, विनी. त्या वर्षी बाकीचे मुलगे गोवरानं झोपलेले आणि मी उचलायला जड, म्हणून तुला उलटं धरलं होतं, आठवतं? मी बनपावांच्या टोपलीकडे तोंड करून उभा होतो. गावाला मात्र वाटतंय, डोकं माझं.

आणखी एक. आपटलं तेव्हा चर्चचा मनोरा तुला कुठल्या हाताला दिसला? तेवढ्यावरून दगडाची जागा काढतो. तू उलटी होतीस, तेव्हा उत्तर सुलटं करून लिही. आणि लवकर लिही गं. हेस्टर येता-जाता माझ्या डोक्याकडे अशा आशेनं बघते, की मी घरातसुद्धा टोपी काढेनासा झालोय.