आलमाटी ते अक्ताऊ, डावीकडची खिडकी

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

आलमाटीच्या बाजारात गोदामासमोर गालिचे उतरवून घेत होतो तेव्हा ओराजदादाचा फोन आला. म्हणाला, "मेंदीबाय, उद्या घरी ये. माझं पोरगं पाऊल टाकायला लागलंय, पायाला बांधलेली दोरी कापायचा सोहळा आहे. अक्ताऊच्या विमानाची तिकिटं काढलीत, तुझं आणि कोनीसबायमामाचं."

विमानाचं! आणि ते दादाने काढलं! आम्ही नेहमी आगगाडीने जातो, तिसऱ्या दिवशी पोचतो. शिवाय ते पोरगं जूनमध्येच चालत होतं. त्याच्या दोरी कापण्याचे फोटो मला आले होते.

"बाबांना फोन दे," म्हटलं.

"बाबा उंटांमागे गेलेत. तिकडे रेंज नाही."

"बरे आहेत ना?"

तो खाकरला. मग, "थोडे थकलेत. तू ये, मग बोलू."

बाबांचा फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

दुपार.

आमच्यात मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. "थोडं बरं नाही" म्हणतात, काहीतरी निमित्त काढून बोलावून घेतात, सोबत घरातलं मोठं माणूस देतात. घरी पोचलं की वडीलधारे समोर बसतात, आडून आडून बोलत बोलत शेवटी सांगतात. तोवर कोणी रडायचं नाही. आई गेली तेव्हा मी शाळेच्या वसतिगृहात होतो. मला मेंढी कापायच्या निमित्ताने नेलं होतं. त्यानंतर आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच.

म्हणून मला हे सगळं कळतं.

मामा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हमालांचा मुकादम आहे. मला पाहिलं की त्याचं सुरू होतं, "आला चोर!" (भाच्याने मामाचं तीनदा चोरलं तरी गुन्हा नाही, ही आमची रीत.) आज काही म्हणाला नाही. मला खानावळीत नेलं, नूडल्सचा मोठा वाडगा मागवला, आपल्यातलं मांस माझ्याकडे सरकवलं.

"दादा तुम्हाला काय म्हणाला, मामा?"

"तुला म्हणाला तेच. जेव."

माझ्याकडे बघितलं नाही. मी तीन घास खाल्ले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. विमानात, अजून जमिनीवर.

पहिल्यांदाच बसतोय. खिडकी मामाची होती, त्याने मला दिली. "बस. खिडकीपण चोरलीस. एक झाली, दोन राहिल्या." हे थट्टेने म्हणाला, पण पट्टा माझा त्याने स्वतः लावून दिला, लहान पोराचा लावावा तसा.

त्याच्या मांडीवर सफरचंदांची पेटी होती. विमानातल्या बाईने ती वर ठेवायला लावली. बेकबोलातसाठी आहे. बेकबोलात म्हणजे मामाचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा, तेलविहिरींवर पाण्याचा टँकर चालवतो. मामा कालपासून त्याला फोन लावतोय. "उचलत नाही गाढव. विमानतळावर घ्यायला ये म्हणावं तर!"

हवेत.

कोणी कुठून आलं की बाबांचे दोन प्रश्न ठरलेले— पाणी कुठं होतं? गवत कसं होतं? म्हणून जे दिसेल ते लिहून ठेवतो. ऐकायला ते असोत, नसोत. लिहितो.

डावीकडे अलाताऊचे डोंगर. खालून बर्फ म्हणजे नुसती पांढरी टोपी वाटते. वरून पाहिलं तर टोप्यांच्या मागे टोप्या, मागे अजून टोप्या, आणि मधल्या घळींत निळी सावली. एक तळं दिसलं, हिरवं, नखाएवढं. बाबांना सांगायचं: पाणी होतं.

मग डोंगर मागे हटले आणि वाळू आली. मोयिनकुम असावं. आगगाडीतून वाळू म्हणजे खिडकीवरची धूळ. इथून ती नीट विंचरलेली दिसते, सगळे केस एका अंगाला. मध्ये चू नदी, सरळ जायचं माहीतच नसल्यासारखी. जिथून वाट बदलली तिथे जुनं पात्र कोरडं पडलंय, त्यात काळपट गवत. मेंढ्यांना पुरेल. उंटांना नको.

मामा: "काय दिसतं रे कारकुना?"

"वाळू."

"मग त्यात एवढं लिहिण्यासारखं काय?" पण वाकून बघितलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मामा असं कधी करत नाही.

म्हणजे त्याला माहीत आहे.

थोड्या वेळाने.

पाव आणि चीज दिलं. खाल्लं नाही. मामाने पिशवीतून सुक्या दह्याचे खडे काढले, "हे तरी चघळ, कान फुटणार नाहीत."

सरळ विचारलं, "मामा, बाबा आहेत ना?"

तो खडा चघळत राहिला. मग म्हणाला, "भाच्या, माणूस काय, आज आहे. तू आता मोठा झालास." एवढंच. मी खिडकीकडे तोंड केलं.

सिरदर्या आली. एवढ्या पिवळ्यात ती हिरवी! दोन्ही काठांना भाताची खाचरं, काही कापलेली, काहींत पाणी. सूर्य एकेका खाचरात शिरून पुढच्यात उडी मारत होता. विमानाबरोबर पळत होता. बाबांनी भाताचं शेत कधी पाहिलेलं नाही. मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, "पाण्यात उभं राहून गवत उगवतं? थापा मारतोस."

हे लिहिताना अक्षर बिघडलं. खाली परत नीट लिहितो: भाताचं शेत.

आरालचा समुद्र. ठरवलं होतं, पाणी दिसलं तर बाबा जिवंत. असं ठरवू नये, पण ठरवलं. आधी नुसतं पांढरं, मीठ. त्यावर बारीक रेघा, पूर्वी लाटा कुठवर यायच्या त्याच्या. एकात एक, मोठ्या ताटात लहान ताट ठेवावं तशा. पाणी नाही. काचेला चिकटून मान दुखेपर्यंत मागे बघितलं. मग अगदी मागे, पंखाच्या शेपटाशी, एक राखाडी पट्टी. ते पाणी होतं की ढगाची सावली? दोनदा पाणी वाटलं, एकदा सावली.

मामाला विचारलं. तो आडवा होऊन माझ्या अंगावरून बघत राहिला. "पाणी आहे," म्हणाला. डोळे मिटलेले असते तरी असंच म्हणाला असता.

उतरायच्या आधी.

उस्त्युर्त! आपलं पठार. वरून अगदी उंटाच्या कातड्यासारखं, उन्हाळ्याआधी लोकर गळून गेलेल्या जागांसकट. आणि मग त्याचा कडा, एकदम कापलेला, पांढराशुभ्र, खाली गुलाबी खोलगट जमीन. कड्यावरून खाली एक वाट नागमोडी उतरते. तिच्यावर धुळीचं शेपूट, म्हणजे काहीतरी गाडी.

मामा आता माझ्या मांडीवरच आला. "हा आमच्या बेकबोलातचा रस्ता! या उतारावर पहिल्या वर्षी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. कलमा म्हणत होतो. आणि तो हसून मला म्हणतोय, 'बाबा, ब्रेक आहेत!'" शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही त्याने हाक मारून सांगितलं, "माझा मुलगा या रस्त्याने पाणी नेतो."

विहीर शोधली. दिसली नाही. आमच्या हिवाळी घराची विहीर वरून दिसते का, हे बाबांनीच एकदा विचारलं होतं. पुढे कॅस्पियन, काळा-निळा, एवढं पाणी की सांगून उपयोग नाही, त्यातलं प्यायला थेंब नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ. घरी. गोठ्यामागे बसून लिहितोय.

विमानतळावर दादा एकटाच आला होता. मामाने विचारलं, "आमचं गाढव कुठे?"

"कामावर आहे, मामा."

दादा रस्त्याकडे बघूनच गाडी चालवत होता. दोन तासांचा रस्ता. मामाने पुढच्या जागेवरून हात मागे करून माझा हात धरला होता. मी मनात वाक्य तयार करत होतो, सगळ्यांसमोर कोसळायचं नाही.

आमच्या दारात गाड्याच गाड्या. म्हातारे बाकांवर रांगेने. सगळे उठून उभे राहिले. बरोबर, असेच उभे राहतात.

आणि मधे, काठी टेकून, चांगली टोपी घातलेले— बाबा!

जिवंत! उभे! दोन पायांवर! मी गाडी पुरती थांबायच्या आधीच उडी मारली, दार उघडंच टाकलं, हसत होतो, मोठ्याने हसत होतो, पोरांसारखा. म्हटलं, "बाबा, मी सिरदर्या बघितली, वरून! तुम्ही फोन का बंद ठेवला?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. "हसू नको, बाळा," हळूच म्हणाले. "मला फोनवर खोटं बोलायला जमलं नसतं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हातारे कोणीच माझ्याकडे बघत नव्हते. मी वळलो.

मामा गाडीतून उतरला नव्हता. त्याने बाबांना पाहिलं होतं. दारात उभे, धडधाकट. मामाचा पट्टा तसाच लावलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाबा काठी टेकत गाडीकडे निघाले.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

दुपारी बेकबोलातला पुरलं. रविवारी रात्री कामावरच्या खोलीत गॅस साचला, झोपेतच गेला. माती देताना मामाने एकदाच तोंड उघडलं. माझ्याकडे बोट करून दादाला म्हणाला, "मला वाटलं, मी याला आणतोय."