फियाट पास झाली

छत्रपती संभाजीनगर

प्रिय तनू,

फोनवर तू विचारतेस, "अण्णा, गाडीची पीयूसी झाली का?" आणि मी दर वेळी म्हणतो, सांडू मिस्त्री करतोय. तुझं म्हणणं मला पटलंय, बेटा. गॅस उघडा ठेवून तुझी आई अंगणात जाऊन बसली होती, ते मी विसरलेलो नाही. न्हाणीत ती पडली तेव्हा मला तिला उचलता आलं नाही. शेजारच्या द्वारकाबाई धावून आल्या म्हणून निभावलं. गंगापूर रस्त्यावरच्या, स्मृती गेलेल्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत तिला ठेवायचं ठरलंय, ते बरोबरच आहे. पण रिक्षात ती बसत नाही, आणि तू पाठवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तर हाताला चावली. आपल्या फियाटमध्ये मात्र पदर सावरून बसते, खिडकीकडे तोंड करते आणि विचारते, "लासूरला ना?" माहेरची वाट तेवढी तिच्या डोक्यात शाबूत आहे. तेव्हा न्यायचं तर फियाटनंच. आणि पीयूसी नसताना भर रस्त्यात, आईला शेजारी बसवून पोलिसाशी हुज्जत घालणं मला जमायचं नाही.

पहिल्यांदा गाडी खरोखरच नापास झाली. सायलेन्सरात नळी घातली आणि मशीनवरचा आकडा असा वर गेला की तो माणूस माझ्याकडे बघून हसला. सांडूनं कार्बोरेटर खोलला, पेट्रोलमध्ये धुतला, जेट फुंकून साफ केले. म्हणाला, "सर, बुढी हो गई, पर नखरा नहीं गया उसका." मग इंजिन असं चालायला लागलं की मला आपले हिवाळे आठवले. तू मागच्या सीटवर शाल पांघरून पेंगायचीस. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून मी डॅशबोर्डखालचा चोक ओढायचो आणि कुठल्या तरी कवितेच्या नादात तो आत ढकलायचं विसरून जायचो. शहागंजपर्यंत मागं काळा धूर. मग तुझी आई हात लांब करून चोक आत ढकलायची आणि म्हणायची, "लई धूर करता तुम्ही! अख्ख्या गावाला दमा लावता का काय?" आयुष्यभर हेच चाललं. मीही सुधारलो नाही, आणि तिचा हातही थकला नाही.

कवितेचंही तसंच होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी एखादी ओळ अर्धी म्हणायचो आणि थांबायचो. उरलेली अर्धी ती स्वयंपाकघरातून म्हणायची. आता मी अर्धी ओळ म्हणतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, परक्या गावचा पाहुणा काय म्हणतोय ते कळत नसल्यासारखी. मी पुढची अर्धी म्हणत नाही. थोडा वेळ वाट बघतो आणि दिवा लावतो.

तनू, शाळेत मी कुणाला नापास केलं की मलाच जेवण जात नसे. काठावरच्या पोराला दोन मार्क वाढवून द्यायचो, हेडसरांची बोलणी खायचो. तोच मी दुसऱ्यांदा तपासणीला गेलो तेव्हा गाडी नापास व्हावी म्हणून देवाचा धावा करत होतो. आणि देवावर सोडलं नाही. नळी घालायच्या आधी मी चोक ओढून ठेवला. गाडी घुसमटली, धूर ओकली, आकडा वर गेला. सांडू डोकं खाजवत राहिला, "कार्बोरेटर तो बरोबर था, सर." मी मान हलवली. घरी आलो तर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या ताटात मी भात कालवला आणि मला चोरासारखा आनंद झाला.

काल तिसऱ्यांदा गेलो. द्वारकाबाई लेकीकडं वैजापूरला गेल्यात, म्हणून आईला सोबत न्यावं लागलं. शेजारच्या सीटवर शांत बसली होती. माणूस नळी घेऊन मागं गेला, मी हळूच चोक ओढला. इंजिन खोकायला लागलं. तेवढ्यात तिचा हात आला. खिडकीबाहेरची नजर न हलवता, जराही न चाचपडता तिनं चोक आत ढकलला आणि जुन्याच आवाजात म्हणाली, "लई धूर करता तुम्ही."

कित्येक महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. अर्धी सोडलेली ओळ तिनं पुरी केली, तनू. मी तिच्याकडे बघेपर्यंत ती परत तिच्या जगात निघून गेली होती. मागून आवाज आला, "पास झाली, काका."

आकडा येईपर्यंत वेळ होता, पण पुन्हा चोक ओढायचं मला धाडस झालं नाही. तिनं आत ढकललेला तो.

तेव्हा रविवारी निघतो. हे पत्र एवढ्यासाठी, की संस्थेच्या फाटकाशी तू उभी हवीस. "लासूर आलं," असं खोटं मला तिला सांगवणार नाही. ते तू सांग आणि आत ने. गाडीची किल्लीही तूच घे, मी एसटीनं परत येईन. पुढं गाडी विकलीस तरी माझी हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला सांग, थंडीत चोक ओढावा लागतो, आणि मग आठवणीनं आत ढकलावा लागतो.

तुझाच,
अण्णा